पांचवें नांव

आमच्या घरीं पौष शुद्ध अष्टमीस जेवणाच्या पंक्तींत एक पान अधिक मांडण्याची चाल आहे. त्या पानाभोंवतीं आजी स्वतः रांगोळी काढते, आजोबा त्यावर तुळशीपत्र ठेवतात, आणि मग आम्हां सर्वांचीं पानें वाढलीं जातात. हें पान पानिपतच्या आजोबांचें. शके १६८२ मध्यें, म्हणजे १४ जानेवारी १७६१ रोजीं, याच तिथीस पानिपतच्या रणांगणावर मराठ्यांचा मोड झाला. आणि आमच्या घराण्याचा एक पूर्वज त्या दिवशीं सदाशिवरावभाऊंच्या जवळ लढतां लढतां पडला, अशी आमच्या घरची कथा. इतर मुलांना दोनच आजोबा असतात, आपल्याला तीन आहेत, याचा लहानपणीं मला मोठा अभिमान वाटे.

ही कथा आमच्या आजोबांना किती प्रिय होती हें समजण्यास त्यांची थोडी हकीकत सांगितली पाहिजे. आमचें मूळ गांव सातारा जिल्ह्यांत, कृष्णेच्या कांठीं. गांवचें कुलकर्णीपण आमच्याकडे होतें. १९४८ सालच्या जाळपोळींत गांवांतला वाडा गेला. आजोबा त्या वेळीं आठ वर्षांचे होते. त्या रात्रीं त्यांच्या आईनें एका हातानें त्यांना धरलें आणि दुसऱ्या हातानें देवांचा संपुष्ट व जुन्या कागदांचा एक रुमाल कांखेस मारून ती नदीच्या वाटेला लागली. पुढें १९५० च्या कायद्यानें कुलकर्णी वतनें संपलीं. कुळकायद्यानें जमिनी कसणारांकडे गेल्या. आजोबांनीं पुण्यास येऊन शिक्षकाची नोकरी धरली व त्या नोकरीवर सारें घर उभें केलें. गेलेल्या वस्तूंबद्दल त्यांच्या तोंडून मीं कधीं कटु शब्द ऐकला नाहीं. "कसेल त्याची जमीन, यांत वावगें काय?" असेंच ते म्हणत. परंतु वाडा गेला, वतन गेलें, शेत गेलें. पानिपतचे आजोबा तेवढे उरले. ते कोणाला जाळतां आले नाहींत कीं कोणा कायद्याला काढून घेतां आले नाहींत.

गेल्या वर्षीं मी बी. ए. च्या तिसऱ्या वर्षांत होतें. इतिहास हा माझा मुख्य विषय. पावसाळ्याबरोबर सुरू होऊन दिवाळीच्या सुमारास संपणाऱ्या त्या सत्रांत माझ्यासमोर दोन कामें होतीं. एक परीक्षेचें : अस्सल साधनांच्या आधारें एक लहानसा प्रबंध लिहावयाचा. दुसरें हौसेचें : कॉलेजांतील नाट्यमंडळींसाठीं एक एकांकिका लिहावयाची. पहिलें काम मीं दिवाळीवर ढकललें आणि दुसरें पहिल्या पंधरवड्यांतच उरकून टाकलें. विषय शोधावा लागलाच नाहीं. तो दरवर्षीं आमच्या घरीं पानावर वाढला जात होता. विश्वासरावांना गोळी लागते, भाऊसाहेब हत्तीवरून उतरून घोड्यावर चढतात आणि गर्दींत दिसेनासे होतात, इब्राहिमखान गारद्याच्या तोफा थंडावतात, आणि माझे पानिपतचे आजोबा तुटक्या तलवारीवर भार देऊन आपलें शेवटचें भाषण करतात! हें भाषण दीड पान होतें. छातींत भाला घुसलेला मनुष्य दीड पान बोलेल कसा, हा प्रश्न मला पडला नाहीं आणि ऐकणारांनाही पडला नाहीं. वाचन संपलें तेव्हां नाटक बसविणाऱ्या माझ्या मैत्रिणीनें डोळे पुसले. घरीं आजोबांनीं तर तें भाषण माझ्याकडून दोनदां वाचून घेतलें.

प्रबंधाचें काम मात्र पुढें सरकेना. सदाशिव पेठेंतील भारत इतिहास संशोधक मंडळांत बसून मी पानिपतावरचीं पुस्तकें उलटीत असें. इतिहासाचार्य राजवाड्यांनीं १८९८ सालीं प्रसिद्ध केलेल्या साधनांच्या पहिल्या खंडांत त्याच काळचीं पत्रें आहेत. सरदेसायांनीं १९३० ते १९३४ या वर्षांत पेशवे दप्तरांतून निवडून काढलेले पंचेचाळीस भाग कपाटांत ओळीनें उभे आहेत. इतकें सारें समोर असतां मी टिपणांवरून टिपणें काढीत होतें. एके दिवशीं सरांनीं तीं चाळलीं आणि विचारलें, "तुमच्या घरीं जुने कागद आहेत ना?"

"आहेत, पण ते मोडींत आहेत," मी म्हणालें.

"मग मोडी शिका. इतिहासाच्या विद्यार्थ्यानें घरचा रुमाल बांधून ठेवावा आणि दुसऱ्याच्या पुस्तकांवरून तिसरें पुस्तक लिहावें, हें बरें नव्हे."

मी मोडी शिकूं लागलें. ज्यांनीं हा अभ्यास केला असेल त्यांना पहिल्या आठवड्याची निराशा आठवत असेल. लिहिणारानें आधीं ओळीच्या या टोंकापासून त्या टोंकापर्यंत शिरोरेषा ओढून घेतलेली असते व तिच्याखालीं अक्षरें अशीं भराभर ओंवलेलीं असतात कीं, शब्द कोठें संपला आणि दुसरा कोठें सुरू झाला याचा पत्ता लागत नाहीं. इकार-उकारांत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाहीं. विरामचिन्हांचें नांव नाहीं. मजकूर कशाविषयीं असावा हें ओळखल्यावांचून अक्षर लागत नाहीं, आणि अक्षर लागल्यावांचून मजकूर कळत नाहीं! रात्रीं स्वयंपाकघर आवरल्यावर मी दिव्याखालीं वही घेऊन बसें. काकू म्हणत, "परीक्षा हिची, आणि जागरण साऱ्या घराला." परंतु श्रावण संपतां संपतां अक्षरें माझ्याशीं बोलूं लागलीं, आणि गणपतीचें विसर्जन झाल्यावर मीं आजोबांकडे रुमालाची किल्ली मागितली. पेटी त्यांनीं स्वतः उघडली.

रुमालांत आमच्या गांवच्या जमाखर्चाचे कागद होते. पहिल्याच बंदाच्या माथ्यावर साल होतें : इहिदे सितैन मया व अलफ. हें शुहूर सनाचें लेखन. मराठेशाहीच्या दप्तरांत हा सन चाले. सूर्य मृग नक्षत्रांत शिरला कीं त्याचें नवें वर्ष लागे, आणि वर्षाचा आंकडा अरबी शब्दांनीं लिहीत. इहिदे म्हणजे एक, सितैन म्हणजे साठ, मया म्हणजे शंभर आणि अलफ म्हणजे हजार. बेरीज अकराशें एकसष्ट. तींत महिना पाहून ५९९ किंवा ६०० मिळविले कीं इसवी सन निघतो. मीं बेरीज केली आणि माझे हात थरथरूं लागले. तें साल १७६०-६१ होतें. पानिपतचें साल आमच्या पेटींत होतें!

तो गांवखर्चाचा खर्डा होता. आषाढापासून सुरू होऊन तिथीवार नोंदी. अक्षर आरंभापासून अखेरपर्यंत एकाच हाताचें, बारीक व रेखीव. मी पौषाकडे धांवत गेलें. माझी कल्पना अशी कीं, आजोबा मोहिमेवर गेले असतील तेव्हां दुसऱ्या कोणाच्या हातचें अक्षर लागेल. तें लागलें नाहीं. पौष शुद्ध सप्तमी, अष्टमी, नवमी : तेंच अक्षर. अष्टमीस एकच नोंद होती. मारुतीच्या दिव्यास तेल, पाव शेर. बंदाच्या शेवटीं लिहिणाराचें हस्ताक्षर म्हणून नांव होतें, बापाचें नांव होतें. आमच्या वंशावळींत पानिपतच्या आजोबांचें जें नांव आहे तेंच.

मीं रुमालांतले पुढचे कागद पाहिले. तेंच नांव, तेंच अक्षर. आणखी सोळा वर्षें. अखेरीस अक्षर थोडें मोठें व थरथरतें झालेलें. पानिपतचे आजोबा पानिपतास गेलेच नव्हते. ज्या दिवशीं भाऊसाहेब गर्दींत नाहींसे झाले त्या दिवशीं त्यांनीं मारुतीच्या दिव्याचें तेल मांडलें होतें, आणि ते आपल्या घरीं म्हातारे होऊन वारले होते.

सरांना मीं कागदांचीं छायाचित्रें दाखविलीं. त्यांनीं वाचन तपासलें, एका ठिकाणीं माझी चूक काढली, पण तिनें निर्णय बदलला नाहीं. मैत्रिणीला सांगितलें तेव्हां ती म्हणाली, "त्यांत काय झालें? आपण नाटक करतों आहों, इतिहास नव्हे. तुझ्या पूर्वजाचें नांव तरी नाटकांत कोठें आहे?" तिचें म्हणणें एका दृष्टीनें खरें होतें. नाटककारानें कल्पना करूं नये असें कोणी म्हणत नाहीं. परंतु कागद पाहण्यापूर्वीं जी कल्पना होती ती कागद पाहिल्यावर खोटी साक्ष वाटूं लागली. तें दीड पानाचें भाषण मला आतां वाचवेना.

खरें संकट घरीं होतें. आठ दिवस मी गप्प राहिलें. आजोबा रोज विचारीत, "काय निघालें ग रुमालांतून?" आणि मी म्हणें, "अजून लागत नाहीं." आयुष्यांत त्यांच्याशीं मी पहिल्यानें खोटें बोललें तें इतिहासाच्या अभ्यासापायीं! नवव्या दिवशीं सायंकाळची संध्या आटोपून ते झोंपाळ्यावर बसले असतां मीं सारें सांगितलें. त्यांनीं चष्मा लावून तो बंद हातांत घेतला. मोडी त्यांना वाचतां येत नव्हती. तरी ते पुष्कळ वेळ त्या ओळींकडे पाहत राहिले.

"दुसऱ्या कोणाचें अक्षर असेल," ते म्हणाले.

"वर्षभर तेंच आहे, आजोबा. आणि खालीं नांव आहे."

"मग जाऊन परत आले असतील."

"पौषांत ते गांवींच आहेत. मार्गशीर्षांत आहेत, माघांत आहेत. एक दिवसाचाही खंड नाहीं."

त्यांनीं कागदाची घडी पूर्वींच्या खुणांवरूनच अगदीं हळू घातली. "असेल," एवढेंच म्हणाले आणि आंत गेले. त्या रात्रीं ते दूध घेऊन लवकर निजले. आजी मला रागें भरली नाहीं, हें मला अधिक लागलें. मीं कांहीं शोध लावला आहे असें मला मुळींच वाटेना. म्हाताऱ्या माणसाच्या हातांतली काठी आपण काढून घेतली, असें वाटत राहिलें.

अशा मनःस्थितींत, दुसरें कांहीं सुचेना म्हणून, मी खर्ड्याचा उरलेला भाग वाचूं लागलें. नवा शक लागल्यावर, शके १६८३ च्या चैत्रांत, एक निराळा बंद होता. त्याचा मथितार्थ असा : गांवचीं पांच माणसें फौजेबरोबर हिंदुस्थानांत गेलीं तीं माघारीं आलीं नाहींत, सबब त्यांच्याकडील येणें माफ व्हावें. त्या काळचें हिंदुस्थान म्हणजे नर्मदेपलीकडचा उत्तरेचा मुलूख. खालीं पांच नांवें. दोन कुणबी, एक न्हावी, एक पखालजी आणि एक महार. आमच्या गांवांतून पानिपतास माणसें गेलीं होतीं तर! तीं आमच्या घरांतलीं नव्हतीं, इतकेंच. तलवार बहुधा त्यांतल्या एकाच्याही हातीं नसेल. लाखाच्या फौजेला पाणी पाजणारे, घोड्यांना वैरण वाहणारे लोक लागतात. त्यांचीं नांवें बखरींत येत नाहींत. तीं या एका बंदावर आलीं होतीं, कारण त्यांच्याकडे सरकारचें येणें होतें आणि मांडणारा कुलकर्णी चोख होता.

चार नांवें स्वच्छ होतीं. पांचवें, महाराचें, आधीं लिहून मग आडव्या रेघेनें खोडलें होतें आणि त्याच्याखालीं पुन्हां लिहिलें होतें. दुर्दैव असें कीं, नेमकी तेथेंच कसर लागून कागदाची चाळण झालेली. जात उरली होती, नांवाचें शेवटचें अक्षर उरलें होतें, बाकी दोन्ही ठिकाणीं भोंक.

लिहिलें, खोडलें, पुन्हां लिहिलें. साऱ्या रुमालांत त्या रेखीव अक्षरांत खाडाखोड कोठेंही नाहीं. ती येथें कां?

मीं सरांना विचारलें. ते म्हणाले, "प्रबंधांत एवढेंच लिहा कीं, नांव खोडून पुन्हां लिहिलेलें आहे. कां, तें कागद सांगत नाहीं. म्हणून तुम्हीही सांगूं नका." मग जरा थांबून म्हणाले, "तुम्ही नाटक लिहितां ना? कां, हें विचारण्याची जागा ती."

त्या एका वाक्यानें माझें सत्र सुटलें. आठ रात्रींत मीं एकांकिका नवी लिहिली. तींत पानिपत नाहीं, तलवार नाहीं, भाषण नाहीं. चैत्रांतली दुपार आहे. कुलकर्ण्याचा ओटा आहे. ओट्यावर माफीची याद करीत बसलेला कुलकर्णी आहे, आणि खालीं अंगणांत, त्या काळीं जेथवर येण्याची मुभा होती तेथें, उभी असलेली एक बाई आहे. तिच्या नवऱ्याचें नांव यादींत घातलें तर येणें माफ होईल. पण गांवाच्या लेखीं तो मेला असें होऊन तिचें कुंकू जाईल. नांव गाळलें तर कुंकू राहील, पण देणेंही राहील आणि दारांतलें जनावर जाईल. "मेल्याचें कोणी पाहिलें का?" एवढाच तिचा प्रश्न आहे, आणि कुलकर्ण्याजवळ त्याचें उत्तर नाहीं. ही कल्पना मला सर्वस्वीं माझ्या डोक्यांतून सुचली असें नाहीं. खुद्द भाऊसाहेबांच्या पत्नी पार्वतीबाई यांनीं आपले पति गेले हें कधीं मानलें नाहीं. त्या अखेरपर्यंत सौभाग्यचिन्हें लेऊन राहिल्या. पुढें भाऊसाहेब म्हणून एक तोतया उभा राहिला, त्याच्या पाठीमागें कितीक लोक गेले, आणि १७७६ सालीं त्याला देहांत शिक्षा झाली तेव्हां तें प्रकरण मिटलें. पेशव्यांच्या वाड्यांत जी आशा पंधरा वर्षें जगली ती एका झोंपडींत चार महिने जगली असेल, इतकेंच मीं धरलें. कुलकर्णी नांव लिहितो, बाई कांहीं बोलत नाहीं, नुसती उभी राहते, तो तें खोडतो, ती जावयास निघते, आणि मग तीच वळून म्हणते, "लिवा." तो पुन्हां लिहितो. पडदा.

मैत्रीण प्रथम रुसली. तोफांच्या आवाजाची सारी तयारी तिनें केली होती. परंतु तालमींत बाईचें काम तिनें स्वतःकडे घेतलें, त्यावरून मीं काय तें ओळखलें.

प्रयोगास घरचीं सर्व मंडळी आलीं. आजोबा येतील असें मला वाटलें नव्हतें. ते काकांचा हात धरून आले आणि दुसऱ्या रांगेंत बसले. आमच्या नाटकास बक्षीस मिळालें नाहीं. एका परीक्षकांनीं 'घटना कमी' असा शेरा दिला. रिक्षांतून घरीं येतांना आजोबा कितीतरी वेळ बाहेर पाहत होते. पर्वतीचे दिवे दिसूं लागले. पानिपतची बातमी ऐकून खचलेल्या नानासाहेब पेशव्यांनीं १७६१ च्या जूनमध्यें ज्या टेकडीवर देह ठेवला तीच ही पर्वती. आजोबा म्हणाले, "एवढा मोठा पेशवा, पण त्याला रडावयास टेकडी होती. आमच्या कुलकर्ण्यानें तें खोडलेलें नांव पुन्हां लिहिलें तेव्हां त्याचा हात कसा चालला असेल ग?"

'आमच्या' हा शब्द ऐकला आणि माझ्या छातीवरचें ओझें उतरलें.

दिवाळीनंतर प्रबंध दिला, परीक्षा झाली, सत्र संपलें. पौष आला. शुद्ध अष्टमीच्या आदल्या दिवशीं आजीनें आजोबांना विचारलें, "उद्यां पान मांडावयाचें ना?" आम्ही सारीं कान देऊन ऐकत होतों. आजोबा म्हणाले, "ते आपल्या अंथरुणावर गेले. त्यांचें पान पितृपक्षांत आहेच. उद्यां पांच पानें मांड." मग माझ्याकडे वळून त्यांनीं एक कागद पुढें केला. "तीं नांवें बाळबोधींत लिहून दे. मोठ्या अक्षरांत."

दुसऱ्या दिवशीं स्नान करून आजोबा तर्पणास बसले. मी शेजारीं कागद धरून बसलें. ते म्हणाले, "ज्यांचें कोणी नाहीं त्यांनाही पाणी द्यावें असें तर्पणांत आहे. लहानपणापासून म्हणत आलों. कोणासाठीं म्हणतों हें ठाऊक नव्हतें." एकेक नांव वाचून त्यांनीं एकेक ओंजळ सोडली. चार झाल्या. पांचव्या ठिकाणीं मीं एक अक्षर लिहून त्याच्या आधीं रेघ सोडली होती. त्या माणसाला हयातींत आमच्या विहिरीला हात लावतां आला नसेल. आजोबांनीं त्या रिकाम्या रेघेवर क्षणभर बोट ठेवलें आणि पांचवी ओंजळ त्यांनीं इतर चारांपेक्षां अधिक भरून घेतली.

पंक्तींत त्या दिवशीं पांच पानें अधिक होतीं. वाढतांना काकूंची धांदल उडाली, परंतु कोणी कांहीं बोललें नाहीं.

आतां मी एम. ए. च्या वर्गांत आहें. त्या गांवचे आणखी कागद सरकारी दप्तरांत असावेत म्हणून पुण्याच्या पुराभिलेखागारांत माझ्या फेऱ्या चालूं आहेत. संध्याकाळीं मी घरीं आलें कीं आजोबा झोंपाळ्यावरून विचारतात, "लागलें का ग पांचवें नांव?"

"अजून नाहीं, आजोबा," मी म्हणतें. आणि या वेळीं तें खोटें नसतें.